वाहनाच्या छतावरील गारवा : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात वातानुकूलन यंत्राच्या दोषनिदानाचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास आजवर प्रामुख्याने कारखाने, भांडवल व कामगार चळवळ या अंगांनी लिहिला गेला आहे. येथे तयार झालेली वाहने रस्त्यावर आल्यानंतर ती चालू ठेवणाऱ्या दुरुस्तीच्या ज्ञानाकडे मात्र इतिहासलेखनाचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत शोधनिबंधात बस, ट्रक व कॅराव्हॅन यांच्या छतावर बसविल्या जाणाऱ्या वातानुकूलन यंत्राचा विकास आणि त्यातील बिघाड शोधण्याच्या पद्धतींत झालेले बदल यांचा आढावा घेतला आहे. शीतक वायूंविषयीचे आंतरराष्ट्रीय करार, बसबांधणीचे तंत्र, २०२१ चे कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणि मालवाहू वाहनांच्या कॅबिनमधील वातानुकूलनाची सक्ती हे या इतिहासातील महत्त्वाचे टप्पे होत. दोषनिदान ही केवळ तांत्रिक कृती नसून ती एक ज्ञानपरंपरा आहे आणि ती मराठीतून लेखनबद्ध होणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : वातानुकूलन, दोषनिदान, शीतक वायू, कॅराव्हॅन, दुरुस्ती-संस्कृती, चाकण, पिंपरी-चिंचवड.

१. प्रस्तावना

यंत्राचा इतिहास लिहिताना शोध कोणी लावला आणि उत्पादन कोठे झाले, या दोन प्रश्नांना अग्रस्थान मिळते. यंत्र बंद पडले तेव्हा काय झाले, हा तिसरा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. वास्तविक यंत्राच्या आयुष्यातील मोठा काळ वापर, झीज व दुरुस्ती यांत जातो. ज्या समाजात यंत्र आयात होते किंवा परकीय सहकार्याने तयार होते, त्या समाजाने ते कितपत आत्मसात केले याची खरी कसोटी कारखान्याच्या उद्घाटनात नसते. बिघाडाच्या प्रसंगी त्याचे कारण अचूक सांगू शकणारी माणसे त्या समाजात किती आहेत, यावर ती ठरते.

या दृष्टीने पाहता वाहनाच्या छतावरील वातानुकूलन यंत्र हा अभ्यासाचा उत्तम विषय ठरतो. या एका यंत्रात यांत्रिकी, विद्युत व प्रशीतन या तीन शाखा एकत्र येतात. ते उन्हात तापते, पावसात भिजते, रस्त्याच्या खड्ड्यांनी हादरते आणि डोळ्यांआड असल्यामुळे गारवा बंद होईपर्यंत कोणाचेही लक्ष त्याकडे जात नाही.

२. अभ्यासाची उद्दिष्टे, पद्धती व व्याप्ती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) छतावरील वातानुकूलनाचा ऐतिहासिक विकास मांडणे, (आ) पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील वाहनउद्योगाशी त्याचा संबंध स्पष्ट करणे, (इ) दोषनिदानाच्या पद्धतींतील स्थित्यंतरांचे विश्लेषण करणे, (ई) गारवा कोणाला आधी मिळाला व कोणाला उशिरा, या सामाजिक प्रश्नाचा विचार करणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून उद्योगांचा ज्ञात इतिहास, शासकीय धोरणे व अधिसूचना आणि प्रशीतनशास्त्राची प्रस्थापित तत्त्वे यांच्या आधारे मांडणी केली आहे.

संज्ञेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात ‘कॅम्पर’ हा शब्द उच्चारला की पिण्याच्या थंड पाण्याचा प्लास्टिकचा मोठा जार अथवा ‘बोलेरो कॅम्पर’ हे दुहेरी कॅबिनचे पिकअप वाहन डोळ्यांसमोर येते. राहण्याची सोय असलेल्या वाहनासाठी येथे ‘कॅराव्हॅन’ किंवा ‘मोटरहोम’ हे शब्द रूढ झाले असून शासनाच्या धोरणातही ‘कॅराव्हॅन’ हाच शब्द आहे. म्हणून पुढील विवेचनात तोच वापरला आहे.

३. पूर्वपीठिका : थंड हवेचा प्रवास

१९०२ साली विलिस कॅरियर यांनी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथील छापखान्यासाठी हवेतील आर्द्रता नियंत्रित करणारी यंत्रणा आखली. म्हणजे आधुनिक वातानुकूलनाचा पहिला लाभार्थी माणूस नसून कागद होता. चालत्या वाहनात हे तंत्र येण्यास आणखी काही दशके लागली. भारतात १९३४ मध्ये ‘फ्रंटियर मेल’ या गाडीच्या डब्यात बर्फाच्या लाद्यांवरून हवा खेळवून गारवा निर्माण करण्यात आला. या व्यवस्थेत बिघाड असा नव्हताच. बर्फ वितळला की गारवा संपे आणि पुढील स्थानकावर नव्या लाद्या भरल्या जात.

१९३९ मध्ये अमेरिकेतील पॅकार्ड कंपनीने मोटारीत यांत्रिक वातानुकूलन देऊ केले. त्याच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. इंजिन चालू असेपर्यंत कॉम्प्रेसर फिरत राही आणि थंडीच्या दिवसांत पट्टा काढून ठेवावा लागे. त्याच सुमारास फ्रेडरिक मॅकिन्ली जोन्स या कृष्णवर्णीय अमेरिकी संशोधकाने मालमोटारीसाठी हादरे सहन करू शकणारे शीतकरण यंत्र विकसित केले. इमारतीतील यंत्र स्थिर पायावर उभे असते, तर वाहनातील यंत्राला सतत हलत्या पायावर काम करावे लागते. वाहनातील दोषनिदानाच्या साऱ्या वैशिष्ट्यांचे मूळ या एका फरकात आहे.

४. औद्योगिक पट्ट्याची जडणघडण

१९५४ मध्ये पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीची स्थापना झाली आणि या परिसराच्या औद्योगिकीकरणास गती मिळाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. पुढे बजाज टेम्पो, बजाज ऑटो व टेल्को यांच्या कारखान्यांमुळे आकुर्डी, चिंचवड, पिंपरी व भोसरी ही गावे वाहनउद्योगाची केंद्रे बनली. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका असा नागरी प्रवासही त्याच वेगाने झाला.

कारखान्यांबरोबरच परीक्षण व प्रशिक्षणाच्या संस्था उभ्या राहिल्या, ही बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. १९६६ मध्ये पुण्यात ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया अर्थात एआरएआय ही संस्था सुरू झाली. १९६७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय मार्ग परिवहन संस्था भोसरी येथे पुणे-नाशिक मार्गालगत आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या दापोडी येथील मध्यवर्ती कार्यशाळेत सांगाड्यावर ॲल्युमिनियमची बसबांधणी होत आली. बसचे छत हा पत्रा, रिव्हेट व सांधे यांचा किती नाजूक हिशोब असतो, हे ज्ञान या परिसरात वातानुकूलन येण्यापूर्वीच रुजलेले होते.

एकेकाळी संग्रामदुर्गासाठी आणि नंतर कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध असलेले चाकण विसाव्या शतकाच्या अखेरीस या पट्ट्याला जोडले गेले. बजाज ऑटो, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ व महिंद्रा यांचे कारखाने तेथे उभे राहिले. त्यांच्यासोबत सुटे भाग पुरविणारे उद्योग आले. त्यांत वाहनांची उष्णता-व्यवस्थापन यंत्रणा बनविणारे उद्योगही होते. जर्मन बेर कंपनी व आनंद समूह यांचा संयुक्त उद्योग चाकणजवळ कुरुळी येथे सुरू झाला. २०१३ मध्ये बेरचे नियंत्रण माले या कंपनीकडे गेले. १९८५ मध्ये जपानी सहकार्याने स्थापन झालेल्या सुब्रोस या वाहन-वातानुकूलन कंपनीनेही चाकण परिसरात उत्पादन सुरू केले.

उत्पादनाच्या बाजूने पाहता आवश्यक ते सर्व या पट्ट्यात उपलब्ध होते. परंतु उत्पादनाचे ज्ञान व निदानाचे ज्ञान एकच नव्हे. उत्पादनसाखळीवरील कामगाराला प्रत्येक यंत्र नवे व निर्दोष स्थितीत भेटते. दुरुस्ती करणाऱ्याला मात्र प्रत्येक यंत्र त्याच्या स्वतंत्र इतिहासासह भेटते. ते कोणत्या रस्त्यावर चालले, आधी कोणी उघडले, कोणते तेल भरले, या साऱ्या गोष्टी त्याला कागदाविना वाचाव्या लागतात.

५. छताची निवड : लाभ आणि किंमत

मोटारीत वातानुकूलनाचे भाग इंजिनाच्या पुढे व डॅशबोर्डखाली बसतात. बसमध्ये तेवढी जागा नसते आणि थंड करावयाच्या हवेचे आकारमानही मोठे असते. त्यामुळे कंडेन्सर व कूलिंग कॉइल छतावर नेण्याचा मार्ग रूढ झाला. छतावर मोकळी हवा मिळते, रस्त्यावरील धूळ व चिखल कमी लागतो, प्रवाशांची जागा अडत नाही आणि थंड हवा जड असल्यामुळे ती सहज खाली उतरते. रेल्वेतही असेच घडले. डब्याच्या खाली टांगलेल्या जुन्या यंत्रणेची जागा पुढे छतावर बसणाऱ्या एकसंध यंत्रांनी घेतली.

या निवडीची किंमतही होती. कडक उन्हात पत्र्याचे छत सभोवतालच्या हवेपेक्षा बरेच अधिक तापते आणि कंडेन्सरला त्याच तापलेल्या पृष्ठभागालगत उष्णता सोडावी लागते. छताला भोक पाडल्याने पावसाळ्यात गळतीची शक्यता निर्माण होते. इंजिनाजवळच्या कॉम्प्रेसरपासून छतापर्यंत लांब नळ्या न्याव्या लागतात आणि प्रत्येक सांधा हादऱ्यांनी सैल होऊ शकतो. शिवाय तपासणीसाठी शिडी लावून वर चढावे लागते. जे तपासणे कष्टाचे, ते तपासणे टाळण्याकडे मनुष्यस्वभावाचा कल असतो. छतावरील यंत्राचे अनेक बिघाड मुळात या टाळाटाळीतून मोठे झालेले असतात.

२००१ मध्ये व्होल्वो कंपनीच्या बस भारतात आल्या आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाल्यावर वातानुकूलित प्रवास मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. राज्य परिवहनच्या ‘शिवनेरी’ सेवेने त्यास सार्वजनिक रूप दिले. २०१९ मध्ये पुणे महानगर परिवहन महामंडळाच्या ताफ्यात वातानुकूलित विद्युत बस दाखल झाल्या आणि निगडी आगारातूनही त्या धावू लागल्या. येथे छतावरील यंत्राचे इंजिनाशी असलेले नाते संपले. कॉम्प्रेसर थेट बॅटरीवर चालू लागला. पट्टा व क्लच यांचे बिघाड इतिहासजमा झाले, मात्र उच्च दाबाच्या विजेचा धोका आणि नियंत्रक संगणकाचे संकेतांक ही नवी आव्हाने पुढे आली.

६. दोषनिदानाच्या दोन परंपरा

छतावरील वातानुकूलनाचे निदान दोन भिन्न परंपरांतून विकसित झाले. त्यांतील गल्लत हे चुकीच्या दुरुस्तीचे मोठे कारण आहे.

६.१ इंजिनचलित यंत्रणा

बस व ट्रक यांच्या पारंपरिक यंत्रणेत कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. येथील निदानाचे मुख्य साधन म्हणजे दाबमापकांची जोडी होय. बोलीत यास ‘गेज लावणे’ म्हणतात. एक मापक शोषणाच्या बाजूला व दुसरा विसर्गाच्या बाजूला जोडून दोहोंचे नाते वाचले जाते. दोन्ही दाब कमी असतील तर शीतक वायू कमी असल्याची शंका येते. दोन्ही जास्त असतील तर वायू अधिक भरला गेला आहे, आत हवा शिरली आहे किंवा कंडेन्सर धुळीने बुजला आहे, असे समजावे. शोषणाचा दाब जास्त व विसर्गाचा कमी असल्यास कॉम्प्रेसरची अंतर्गत झीज संभवते. शोषणाचा दाब अतिशय खाली गेला असेल तर प्रसरण झडप अडलेली असू शकते.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज नोंदविणे इष्ट आहे. यंत्र बंद असताना घेतलेल्या दाबावरून वायू पुरेसा असल्याचा निर्वाळा अनेकदा दिला जातो. शास्त्रदृष्ट्या ते चुकीचे आहे. आर-१३४ए हा वायू ३५ अंश सेल्सिअस तापमानास द्रव व बाष्प या दोन्ही रूपांत असेल तर त्याचा मापकावरील दाब सुमारे ७.९ बार असतो. आत द्रव भरपूर असो वा थोडा, दाब तोच राहतो. म्हणून बंद यंत्राचा दाब वायू आहे एवढेच सांगतो, तो किती आहे ते सांगत नाही. त्यासाठी यंत्र चालवून पाहणे किंवा सर्व वायू काढून वजनाने पुन्हा भरणे हेच विश्वसनीय मार्ग होत.

६.२ स्वयंपूर्ण छत-यंत्र

कॅराव्हॅनच्या छतावरील यंत्र वेगळ्या कुळातील आहे. कॉम्प्रेसर, दोन्ही कॉइल व पंखे एकाच पेटीत असतात. ते २३० व्होल्टच्या विजेवर, म्हणजे बाहेरील जोडणी, जनित्र किंवा इन्व्हर्टर यांवर चालते. त्याचे शीतचक्र कारखान्यातच बंद केलेले असते. त्याचे नाते बसपेक्षा घरातील खिडकी-एसीशी अधिक जवळचे आहे. म्हणून बसच्या सवयीने त्यावर गेज लावण्याची घाई करणे बहुधा अनाठायी ठरते. येथे निदानाचा क्रम वीज, हवा, विद्युत भाग आणि सर्वांत शेवटी वायू असा असावा लागतो.

पहिली पायरी विजेची. कॉम्प्रेसर सुरू होताना त्याच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह खेचतो. समजा, ३० मीटर लांबीची, दीड चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेची जोडणी वापरली आहे. जाऊन-येऊन ६० मीटर तारेचा रोध सुमारे ०.७३ ओहम होतो. यंत्र चालू असताना ७ अँपियर प्रवाहास जेमतेम ५ व्होल्टची घट येते. मात्र सुरू होण्याच्या क्षणी ३५ अँपियर प्रवाह लागला तर ही घट २५ व्होल्टच्या पुढे जाते. मूळ दाबच २०० व्होल्ट असेल तर कॉम्प्रेसरला १७५ व्होल्टही मिळत नाहीत. तो केवळ घुरघुरतो आणि संरक्षक स्विच त्याला बंद करतो. प्लगपाशी, यंत्र बंद असताना मोजलेला दाब हा दोष दाखवीत नाही. तो यंत्राच्या टोकांशी आणि सुरू होण्याच्या क्षणीच मोजावा लागतो.

दुसरी पायरी हवेची. गाळणी धुळीने भरली की कूलिंग कॉइलवरून पुरेशी हवा जात नाही, कॉइलचे तापमान शून्याखाली उतरते व तिच्यावर बर्फ जमतो. बर्फामुळे हवा आणखी अडते. वापरणाऱ्याला वाटते की गॅस संपला. वस्तुतः कॉम्प्रेसर बंद ठेवून केवळ पंखा चालविणे, बर्फ वितळू देणे व गाळणी धुणे एवढाच उपाय पुरेसा असतो. आत जाणारी व बाहेर येणारी हवा यांच्या तापमानांत साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअस फरक असल्यास यंत्र आपले काम करीत आहे, असे मानता येते. तरीही आतील जागा थंड होत नसेल तर दोष यंत्रात नसून छताच्या उष्णतारोधनात, खिडक्यांच्या काचांत किंवा फटींत शोधावा लागतो.

तिसरी पायरी कपॅसिटर, थर्मोस्टॅट व पंख्याची मोटर यांची होय. कॉम्प्रेसर घुरघुरतो पण फिरत नाही आणि वीज मात्र योग्य आहे, अशा वेळी कपॅसिटर निकामी झाल्याची शक्यता मोठी असते. त्यावरील मायक्रोफॅरडचा अंक मापकाने पडताळता येतो. मात्र वीज तोडल्यावरही त्यात भार शिल्लक राहतो, म्हणून तो निचरून टाकल्याशिवाय हात लावणे जिवावर बेतू शकते. छतातून ठिबकणारे पाणी हाही असाच फसवा दोष आहे. ते पावसाचे असेल तर छत व यंत्र यांमधील रबरी गास्केट दबलेले असते. कोरड्या दिवशीही ठिबकत असेल तर निचऱ्याचा मार्ग तुंबलेला असतो. एकाच डागाची दोन कारणे वेगळी करण्यासाठी पाणी केव्हा आले एवढा एकच प्रश्न पुरतो.

७. शीतक वायूंचे स्थित्यंतर आणि कौशल्याचा कायापालट

१९३० च्या सुमारास बाजारात आलेला आर-१२ हा वायू अविषारी व अज्वलनशील असल्यामुळे वाहनांसाठी आदर्श मानला गेला. १९७४ मध्ये मोलिना व रोलंड यांनी अशा क्लोरिनयुक्त वायूंमुळे ओझोन थराला धोका असल्याचे दाखविले. १९८७ मध्ये माँट्रियल करार झाला आणि १९९२ मध्ये भारत त्यात सहभागी झाला. २००० मध्ये ओझोन-नाशक पदार्थांविषयीचे नियम देशात लागू झाले आणि २०१० च्या आरंभापासून अशा वायूंचा सर्वसाधारण वापर संपुष्टात आला. मोटारी व बसमध्ये आर-१२ ची जागा आर-१३४ए ने घेतली.

वरवर पाहता हा केवळ एका डब्याऐवजी दुसरा डबा वापरण्याचा बदल होता. दुरुस्ती करणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र ती जुन्या ज्ञानाची मोडतोड होती. जुने खनिज तेल नव्या वायूत मिसळत नसे, त्यामुळे ते कॉम्प्रेसरपर्यंत परत येत नसे व कॉम्प्रेसर कोरडा पडे. नव्या कृत्रिम तेलाला हवेतील ओलावा शोषण्याची सवय असल्यामुळे डबा उघडा ठेवणे घातक ठरले. नळ्या, रबरी कड्या व ओलावा शोषणारा ड्रायर हे सारे बदलावे लागले. जोडणीची तोंडेही वेगळ्या आकाराची झाली.

सर्वांत उद्बोधक उदाहरण गळती शोधण्याचे आहे. जुन्या काळी हॅलाइड दिव्याची ज्योत गळतीच्या जागी नेली की ती हिरवी होई. हा रंग वायूतील क्लोरिनमुळे येतो. आर-१३४ए मध्ये क्लोरिनच नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे विश्वासाने वापरलेले साधन एकाएकी मुके झाले. दिवा हिरवा होत नाही म्हणून गळती नाही असे समजणारा कारागीर आळशी नव्हता. त्याच्या साधनामागील कारण त्याला कोणी सांगितलेले नव्हते. कृती शिकविली आणि कारण शिकविले नाही तर तंत्र बदलताच कौशल्य निरुपयोगी होते, हा धडा या प्रसंगातून मिळतो. पुढे साबणाचे पाणी, नायट्रोजनचा दाब, इलेक्ट्रॉनिक शोधक व अतिनील प्रकाशात चमकणारा रंग या पद्धती रूढ झाल्या. वायू-बदलाच्या काळात राष्ट्रीय पातळीवर दुरुस्ती क्षेत्रातील तंत्रज्ञांसाठी प्रशिक्षण कार्यक्रम राबविले गेले, हे येथे नमूद करावयास हवे.

बनावट वायूचा प्रश्नही याच स्थित्यंतराचे अपत्य होय. २०११ मध्ये परदेशांत काही शीतवाहक कंटेनरांचे स्फोट होऊन कामगार दगावले. भेसळयुक्त शीतक वायू त्यास कारणीभूत असल्याचे निदर्शनास आले. स्वस्त वायूचा आग्रह हा केवळ दर्जाचा प्रश्न नसून सुरक्षिततेचा आहे, हे या घटनेने अधोरेखित केले. २०१६ च्या किगाली दुरुस्तीनुसार आर-१३४ए चा वापरही टप्प्याटप्प्याने कमी होणार असून भारताने २०२१ मध्ये या दुरुस्तीस मान्यता दिली आहे. म्हणजे एका पिढीत दुसऱ्यांदा कारागिराला आपले ज्ञान नव्याने घडवावे लागणार आहे.

८. कॅराव्हॅन : नवे वाहन, जुने प्रश्न

मॅटाडोर व १९८७ पासूनचे टेम्पो ट्रॅव्हलर या वाहनांनी महाराष्ट्राला सामूहिक प्रवासाची सवय लावली. लग्नाचे वऱ्हाड, अष्टविनायक यात्रा व सहली यांच्याशी ही नावे निगडित झाली. अशाच प्रकारच्या वाहनांवर पुढे कॅराव्हॅन बांधल्या जाऊ लागल्या. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. त्याद्वारे कॅराव्हॅन व त्यांच्यासाठीची उद्याने यांना उत्तेजन देण्यात आले. अशा वाहनांच्या मान्यतेसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे.

मानक वाहनाच्या सुरक्षिततेची हमी देते. ग्रामीण भागातील विजेच्या जोडणीची हमी ते देऊ शकत नाही. सह्याद्रीच्या कुशीतील एखाद्या मुक्कामी लांब तारेवर चालणारे छत-यंत्र घुरघुरू लागते, तेव्हा वाहन परत शहरात आणले जाते. कार्यशाळेत पुरेशी वीज असल्यामुळे तेथे ते निमूटपणे चालते. दोष यंत्रात नव्हताच, तो यंत्र व परिस्थिती यांच्या नात्यात होता. अशा वेळी बिघाड कोठे, केव्हा व कोणत्या जोडणीवर झाला याची नोंद नसेल तर निर्दोष भाग बदलले जातात आणि दोष पुढील मुक्कामी पुन्हा हजर होतो.

९. चालकाचा गारवा : सामाजिक परिमाण

वातानुकूलनाच्या इतिहासातील क्रम लक्षणीय आहे. प्रथम रेल्वेचा उच्चवर्गीय प्रवासी, नंतर मोटारीचा मालक, मग आरामबसचा प्रवासी आणि सर्वांत शेवटी ट्रकचालक. चाकण पट्ट्यातील कारखाने ज्या मालमोटारींवर अवलंबून आहेत, त्यांच्या कॅबिनमध्ये इंजिनाची उष्णता व उन्हाचा ताप यांत चालक वर्षानुवर्षे बसत आला. डिसेंबर २०२३ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार १ ऑक्टोबर २०२५ पासून उत्पादित होणाऱ्या एन-२ व एन-३ श्रेणीतील मालवाहू वाहनांच्या कॅबिनमध्ये वातानुकूलन अनिवार्य करण्यात आले. थंड झोप व सजग चालक यांचा रस्ता-सुरक्षेशी असलेला संबंध ध्यानात घेता हे पाऊल स्वागतार्ह आहे.

तथापि प्रश्न येथे संपत नाही. माल उतरण्याची वाट पाहत चालक कॅबिनमध्येच झोपतो, त्या वेळी इंजिन बंद असते आणि इंजिनचलित गारवाही बंद असतो. यावर उपाय म्हणून कॅबिनच्या छतावर बॅटरीवर चालणारे यंत्र बसविले जाते. गणित मात्र कठोर आहे. २४ व्होल्ट, १५० अँपियर-तास क्षमतेच्या बॅटरीत ३.६ किलोवॅट-तास ऊर्जा असते. सकाळी इंजिन सुरू व्हावे यासाठी तिच्यातील निम्मीच वापरायची ठरविली तर १.८ किलोवॅट-तास उरते. यंत्र ८०० वॅट शक्ती घेत असेल तर सव्वादोन तासांत ती संपते. त्यानंतर यंत्र दाब कमी झाल्याचे सांगून आपोआप थांबते. चालक त्यास बिघाड समजतो, पण यंत्राने बॅटरी वाचविलेली असते. येथे दोषनिदान करावयाचे ते यंत्राचे नव्हे. सावली, विश्रांतिगृह व वेळेवर माल उतरविण्याची व्यवस्था या गोष्टींच्या अभावाचे ते निदान होय.

जुन्या ट्रकना ही सक्ती लागू नाही, हेही विसरता येत नाही. त्यामुळे पुढील अनेक वर्षे एकाच रांगेत गार व तप्त अशा दोन्ही कॅबिन उभ्या राहतील.

१०. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

पहिला, छतावरील वातानुकूलन यंत्राचा इतिहास हा केवळ सुखसोयीचा इतिहास नाही. आंतरराष्ट्रीय पर्यावरण करार, राज्याचे पर्यटन धोरण आणि श्रमिकांच्या कामाची परिस्थिती यांचे धागे त्यात गुंतलेले आहेत. दुसरा, इंजिनचलित व स्वयंपूर्ण अशा दोन यंत्रकुळांचे निदान भिन्न क्रमाने करावे लागते आणि त्यांतील गल्लत खर्चिक ठरते. तिसरा, शीतक वायूंच्या स्थित्यंतराने हे सिद्ध केले की कारणमीमांसेविना शिकलेले कौशल्य अल्पायुषी असते. चौथा, अनेक तथाकथित बिघाड यंत्राबाहेरील परिस्थितीत असतात आणि ते ओळखण्यासाठी वापरणाऱ्याची हकिकत ऐकून घेणे हे दाबमापकाइतकेच मोलाचे साधन आहे.

पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यात संशोधन संस्था, कारखाने, औद्योगिक प्रशिक्षण संस्था व महाविद्यालये हाकेच्या अंतरावर आहेत. दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांचे अनुभवजन्य ज्ञान मौखिक इतिहासाच्या पद्धतीने संकलित करणे, प्रशीतनाच्या परिभाषेचा बोलीतील शब्दांसह मराठी कोश सिद्ध करणे आणि कार्यशाळांतून बिघाडांच्या नोंदवह्या जतन करणे, ही कामे इतिहास, मराठी व अभियांत्रिकी या विभागांना एकत्रितपणे करता येण्यासारखी आहेत. आर-१२ च्या काळातील कारागिरांची पिढी आज निवृत्तीच्या वयात आहे. हिरव्या ज्योतीचा अर्थ प्रत्यक्ष अनुभवातून सांगू शकणारे हे लोक आहेत, तोवर हे संकलन हाती घेतले जाणे अगत्याचे आहे.